ब्रासभर वाळू म्हणजे नक्की किती?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

वाळूच्या बातम्या दोनच तऱ्हेच्या येतात, उपशाच्या आणि भावाच्या. गाड्या पकडल्या, लिलाव रखडला, ब्रासमागे हजार रुपये वाढले. मापाबद्दल मात्र कोणी चकार शब्द लिहीत नाही. घर बांधणाऱ्याचे पैसे मापातही तेवढेच जातात, आणि दरवेळी पुरवठादार लबाड असतो असेही नाही. बऱ्याचदा हे काम नुसते पाणी करते. बांधकामाची मोजमापे घेणे हाच आमचा दोघांचा व्यवसाय आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. पत्र लांबले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

ब्रास म्हणजे १०० घनफूट, मेट्रिकमध्ये २.८३ घनमीटर. कोरडी, सैल भरलेली नदीची वाळू घनफुटाला साधारण ४५ किलो भरते, म्हणजे ब्रासला साडेचार टन. जाड-बारीकप्रमाणे शंभर-दोनशे किलो इकडेतिकडे. काळा दगड फोडून केलेली क्रश सँड जड असते, ती कोरडी असताना ४.८ टनांच्या आसपास जाते. हे आकडे लक्षात असले की पुढचा सगळा हिशेब घरबसल्या जमतो.

आता पाण्याचे काम. वाळू किंचित ओली झाली, म्हणजे वजनाच्या ४-५ टक्के पाणी तिच्यात असले, की प्रत्येक कणाभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा बसतो आणि कण एकमेकांपासून दूर धरले जातात. ढीग फुगतो. जाडसर वाळू १५-२० टक्के फुगते, मध्यम २५ टक्क्यांपर्यंत, अगदी बारीक वाळू त्याहूनही जास्त. गंमत अशी की तीच वाळू पाण्यात पूर्ण बुडवली की पापुद्रे मोडतात आणि ती पुन्हा कोरडीएवढ्याच जागेत बसते. समुद्रावर पोरे किल्ला करतात तो दमट वाळूचा. कोरडीचा उभा राहत नाही आणि चिंब वाळूचाही ढासळतो. गाडीत येते ती नेमकी किल्ल्याची वाळू.

याचा पैशात अर्थ काय? समजा भाव ब्रासला ६,००० रुपये ठरला आणि वाळू २५ टक्के फुगलेली आली. १०० घनफुटांत खरी वाळू ८० घनफूट. म्हणजे खऱ्या ब्रासला तुम्ही ७,५०० मोजले. हीच गाडी वजनावर घेतली असती, तर पाण्याचे पैसे गेले असते फक्त ५ टक्के. दमट वाळूचा ब्रास काट्यावर घातला तर साडेचार टन नाही, ३.८ टनच भरतो. मापाने वीस-पंचवीस टक्के जातात तिथे वजनाने पाच टक्के जातात, एवढ्या एका कारणासाठी वाळू टनाने घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

फुगवटा किती आहे हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. गोडेतेलाचा १५ किलोचा चौकोनी डबा घ्या, वरून कापलेला. त्याच्या बाजू सरळ असतात. रंगाची बादली चालत नाही, ती खाली निमुळती असते. ढिगाच्या आतून, एक हात खोल उकरून वाळू काढा आणि डब्यात न ठोकता २५ सेंटिमीटर उंचीपर्यंत भरा. ती सगळी प्लास्टिकच्या कागदावर ओता, एक चिमूटही सांडू देऊ नका. रिकाम्या डब्यात अर्ध्यापर्यंत पाणी घ्या आणि वाळू थोडी थोडी परत सोडा, सळईने ढोसत राहा म्हणजे हवा निघून जाईल. सपाट करून पट्टी लावा. वाळू २० सेंटिमीटरवर बसली तर ५ भागिले २०, फुगवटा २५ टक्के. सगळ्याला दहा मिनिटे लागतात. गाडी खाली करण्यापूर्वी ही दहा मिनिटे मागितली म्हणून कोणी रागावत असेल, तर त्याचा राग हेच उत्तर समजावे.

गाडीचे मापही स्वतः घ्यावे. 'तीन ब्रासची गाडी' हे गाडीचे नाव असते, माप नव्हे. हौद्याची लांबी-रुंदी आतून मोजा, बाहेरून मोजली तर पत्र्याची आणि पट्ट्यांची जाडी तुमच्या खात्यात येते. वरची शीग फावड्याने सपाट करायला लावा, मग सळई तळाला टेकेपर्यंत खुपसून खोली बघा: पुढे तीन, मध्ये तीन, मागे तीन अशा नऊ जागी, आणि सरासरी काढा. एका जागी मोजले तर चालक जिथे बोट दाखवील तिथेच वाळू सर्वात खोल असते. काही डंपरांत पुढच्या बाजूला जॅकसाठी खोका आत आलेला असतो, तो वजा करायचा. लांबी १४ फूट, रुंदी ७, सरासरी खोली पावणेतीन फूट असेल तर २६९ घनफूट होतात. १ × २ × पावणेतीन फुटांचा खोका गेला की उरले २६४. तीन ब्रासच्या नावाखाली पावणेतीनही नाहीत. त्यात फुगवटा २५ टक्के निघाला तर कोरडी वाळू २११ घनफूट. काट्यावर ही गाडी पाण्यासकट निव्वळ दहा टनांच्या आसपास भरेल. खरे तीन ब्रास कोरडे असते तर साडेतेरा टन भरले असते. भरलेले वजन आणि रिकाम्या गाडीचे वजन, दोन्ही एकाच काट्यावर आणि त्याच दिवशी झाले पाहिजे. रिकाम्या वजनाची जुनी चिठ्ठी घेऊ नये. काट्यावर वैधमापन खात्याचा चालू पडताळणीचा शिक्का आहे का, तेही बघून घ्यावे.

इथे एक विसंगती नोंदवावीशी वाटते. वैधमापन कायदा २००९ सालचा, आणि तो मेट्रिक एककेच मानतो. ब्रास मेट्रिक नाही. तरीही सरकारची वाळू धोरणे ब्रासमध्येच बोलतात: २०२३ च्या डेपो धोरणात ब्रासला ६०० रुपये, २०२५ च्या धोरणात घरकुलाला ५ ब्रासपर्यंत मोफत. कोरडे पाच ब्रास की फुगलेले पाच? फुगलेले असतील तर लाभार्थ्याच्या दारात प्रत्यक्षात चारच पडतात.

मागणी किती नोंदवायची याचा गोंधळही याच मुळातून येतो. 'चौरस फुटाला दीड-पावणेदोन घनफूट वाळू' असा एक ठोकताळा सगळीकडे फिरतो. विटांचे घर, ब्लॉकचे घर, एक मजला, तीन मजले, सगळ्यांना तोच. तो बाजूला ठेवा आणि कामानुसार काढा.

स्लॅबपासून सुरुवात करू. ८०० चौरस फूट, पाच इंच जाडी, म्हणजे ३३३ घनफूट. बीमचे समजा ९०. एकूण ४२३ घनफूट काँक्रीट. १ : दीड : ३ (सिमेंट : वाळू : खडी) या प्रमाणात १०० घनफूट काँक्रीटला ४२ घनफूट कोरडी वाळू लागते, म्हणजे इथे १७८. सांडलवंड ५ टक्के धरली की १८७. इथपर्यंत सगळे बरोबर करतात. चूक होते ती पुढे: हा आकडा कोरड्या वाळूचा, आणि येणारी गाडी दमट. तिला सव्वापट करा, २३३ घनफूट, म्हणजे २.३ ब्रास. पावणेदोन-दोन ब्रास मागवणाऱ्याची वाळू दुपारी तीन-चारच्या सुमाराला संपते. अर्धा स्लॅब भरलेला, मिक्सर चालू, मजूर थांबलेले. मग शेजारच्या साइटवरून मिळेल ती वाळू, नाहीतर क्रशरची भुकटी ओढली जाते, किंवा काम उद्यावर टाकून मध्येच सांधा सोडला जातो. पुढे पावसाळ्यात नेमके तिथूनच पाणी उतरते. टनात मागितली असती तर प्रश्नच नव्हता. १८७ घनफूट गुणिले ४५ किलो, वर पाण्याचे ५ टक्के: नऊ टन.

विटकामाला १०० घनफुटांस २७ घनफूट वाळू. नऊ इंची भिंतीच्या १०० चौरस फुटांना २० घनफूट. गावठी भट्टीची वाकडी वीट असेल तर सांधे जाड पडतात, २५ धरा.

प्लास्टरला १०० चौरस फुटांमागे १२ मिलिमीटर जाडीला ५ घनफूट, १५ ला ६, बाहेरच्या २० मिलिमीटरला ८. विटांचे सांधे भरणे यात आले. भिंत ओळंब्यात नसेल तर गवंडी ती प्लास्टरने सरळ करतो, आणि जाडी पाच मिलिमीटरने वाढली की १०० चौरस फुटांमागे पावणेदोन घनफूट वाळू जादा जाते, सिमेंट वेगळेच. प्लास्टरची वाळू चाळावी लागते; चाळणीवर गोटे, शंख-शिंपले आणि मुळ्या राहतात. त्याचे दहा टक्के धरा. आतले ४,००० चौरस फूट, १५ मिलिमीटर: २४० घनफूट, चाळणीसकट २६४, दमट मापाने ३३०. म्हणजे ३.३ ब्रास, किंवा साडेबारा टन. चाळून उरलेले गोटे फेकू नका, जोत्याच्या भरावात चालतात.

फुगवट्याचा दुसरा फटका मसाला कालवताना बसतो. पन्नास किलो सिमेंटची गोणी म्हणजे ३५ लिटर. म्हणून फर्मा, म्हणजे वाळू मोजायचा खोका, ४० × ३५ × २५ सेंटिमीटरचा करतात. एका गोणीला सहा फर्मे वाळू म्हणजे १ : ६. पण दमट वाळूचे सहा फर्मे म्हणजे कोरड्याचे ४.८, आणि १ : ६ म्हणून कालवलेला माल निघतो १ : ४.८ चा. सिमेंट ठरल्यापेक्षा जास्त जाते आणि भिंत अधिक पक्की होईल म्हणावे तर तसेही नाही. तगडा माल सुकताना जास्त आकसतो, आणि प्लास्टरवर नकाशासारख्या केसाएवढ्या भेगा उमटतात. दोष मग सिमेंटच्या कंपनीला. उपाय सोपा आहे: फुगवटा २५ टक्के असेल तर त्याच फर्म्याची उंची सव्वाएकतीस सेंटिमीटर करून घ्या, वर एक फळी ठोकली की झाले. फर्माच न वापरता घमेल्याने मोजत असतील तर कुठलेच गणित लागू पडत नाही, कारण एक घमेले सपाट येते आणि दुसरे शिगोशीग.

वजन बरोबर आले तरी त्या वजनात गाळ किती, हे बघायलाच हवे. सरळ बाजूची काचेची बरणी घ्या. थोड्या पाण्यात चमचाभर मीठ विरघळवून बरणीत ओता; मिठाने माती लवकर खाली बसते. वाळू घाला, ती साधारण १० सेंटिमीटर झाली पाहिजे, वर आणखी मिठाचे पाणी, झाकण लावून खळखळून हलवा आणि तीन तास हात लावू नका. खाली वाळू आणि तिच्यावर मऊ, फिकट थर दिसेल. १० सेंटिमीटर वाळूवर ८ मिलिमीटरपर्यंत थर चालतो, कारण केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याची मर्यादा ८ टक्के आहे. त्यापुढे गाडी परत. गाळाची वाळू कणाभोवती मातीचे पांघरूण घेऊन येते, सिमेंट कणाला धरत नाही, पाणी जास्त मागते. असे प्लास्टर किल्लीने ओरखडले तरी भुकटी पडते.

क्रश सँडला हीच बरणी फसवते. तिथला वरचा थर मातीचा नसून दगडाच्या पिठाचा असतो, आणि भारतीय मानक ३८३ मध्ये ७५ मायक्रॉनपेक्षा बारीक कण नैसर्गिक वाळूत ३ टक्के, तर दगड फोडून केलेल्या वाळूत १५ टक्क्यांपर्यंत चालतात. माती आणि पीठ बोटाने ओळखता येते: थर चिमटीत चोळा, माती बुळबुळीत लागून बोटाला चिकटते, दगडाचे पीठ वाळले की झटकून जाते. खरी काळजी वेगळी आहे. क्रशरखाली पडलेली डस्ट क्रश सँड म्हणून खपवली जाते. खरी क्रश सँड व्हीएसआय यंत्रातून, म्हणजे दगड वेगाने आपटून कणांना आकार देणाऱ्या यंत्रातून जाते, कण ठोकळ्यासारखे, कडा किंचित मोडलेल्या. डस्टमध्ये चपटे, सुईसारखे कण आणि पीठ भरपूर. मूठभर पांढऱ्या कागदावर पसरून बघितले तरी फरक दिसतो. प्लास्टरला वेगळी बारीक प्लास्टर सँड मागावी. काँक्रीटची क्रश सँड भिंतीवर ओढली तर पृष्ठभाग खरबरीत राहतो आणि गवंडी वरून सिमेंटचा लपका मारून ते झाकतो. आणि धुतलेली क्रश सँड ओलीच येते, तिलाही फुगवटा असतो. 'ही नदीची नाही, हिला माप लागत नाही' हे ऐकून घेऊ नका.

कोकणातल्या वाचकांसाठी एवढेच: खाडीची रेती मिठाची असते. सळईच्या कामात ती गंज आणते, प्लास्टरला लोणा आणते. गोड्या पाण्याने नीट धुतल्याचे नुसते सांगितलेले पुरेसे नाही, क्लोराइडची तपासणी करून घ्यावी.

अंगणातल्या पेव्हर ब्लॉकखाली लोक उरलीसुरली बारीक वाळू नाहीतर डस्ट टाकतात. नेमके तेच टाळायचे. बारीक माल पाणी धरून ठेवतो, वरून चाक गेले की चिखल होऊन सांध्यातून वर येतो, आणि दोन पावसाळ्यांत चाकोऱ्या पडतात. खाली दाबलेली मुरूम-खडी, वर जाडसर, धुतलेल्या वाळूचा थर, दाबून चार सेंटिमीटरच्या आत. सैल टाकताना दोन इंच धरा. ३०० चौरस फुटांच्या पार्किंगला ५० घनफूट, अर्धा ब्रास. खालच्या भरावातले खड्डे वाळूने भरून काढू नयेत. वाळू जिथे जाड तिथे ब्लॉक खचतो. सांध्यांत मात्र बारीक, पूर्ण कोरडी वाळू झाडूने सारायची, कारण दमट वाळू सांध्यात उतरतच नाही, वरच अडकते. कडेला पक्की किनार नसेल तर वाळू बाजूने वाहून जाते, मग मापे कितीही अचूक असोत. हिरवळीवर वरून द्यायच्या वाळू-माती-शेणखताच्या मिश्रणाला १,००० चौरस फुटांना पाव इंच थराने २१ घनफूट पुरते. ट्रॉलीभर आणून ओतणारे गवत गुदमरवतात.

खरेदीची वेळही महत्त्वाची. १० जून ते ३० सप्टेंबर नदीपात्रातला उपसा बंद असतो, म्हणून मे महिन्यात लोक वर्षाची वाळू भरून ठेवतात. काँक्रीटची जाड आणि प्लास्टरची बारीक एकाच ढिगात टाकू नका. ढीग थेट मातीवर टाकला तर तळाची चार-सहा इंच वाळू मातीत जाते. खाली जुना फ्लेक्स किंवा विटांचा सोलिंग थर, भोवती दोन विटांचा बांध आणि वर ताडपत्री एवढे तरी हवे. गाडीसोबत महाखनिज या सरकारी ऑनलाइन प्रणालीचा वाहतूक पास मागा, आणि गाडीचा नंबर, परिमाण, मुदत जुळतात का बघा. जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली दंड बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत जाऊ शकतो. पास मागितला की भाव थोडा वाढतो हे खरे आहे, पण तो तसाच वाढू द्यावा.

संपादक महाशय, आपल्याकडे एकच विनंती. बांधकाम साहित्याचे भाव छापताना वाळूचा भाव ब्राससोबत टनातही द्यावा. आणि महसूल खात्याकडे वाचकांच्या वतीने हे मांडावे की वाहतूक पासावर ब्रासच्या रकान्याशेजारी काट्याचे निव्वळ वजन लिहिण्याचा एक रकाना वाढवावा, आणि घरकुलाच्या पाच ब्रासच्या हक्कापुढे साडेबावीस टन कोरडी वाळू असे स्पष्ट नोंदवावे.

आपले,
बांधकाम मोजमापाचे काम करणारे दोन अभियंते,
नाशिक